काचघराच्या वहीतलं त्रेचाळिसावं पान

अख्खी संस्था तिला मावशी म्हणायची. फाटकावरचा पहारेकरी, ग्रंथालयातल्या बाई, तिच्याच वयाचे विभागप्रमुख, सगळेच. पाइप दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा दुसऱ्या दिवशी "मावशी, माझा पाना कुठे ठेवलात?" असं बिनदिक्कत विचारायचा. एवढ्या गोतावळ्यात खरी भाची एकच, आणि नेमकी तीच कामाच्या वेळात मावशी म्हणायची नाही. फोनवर म्हणायची, "काचघर, आजचं तापमान सांगा." मावशीला याचा भारी अभिमान होता. जिचा ओला टॉवेल घरी कायम खुर्चीवर पडलेला असतो, ती पोरगी कामावर आली की नातं दाराबाहेर ठेवते, हे तिला मनापासून आवडायचं.

मावशीचा हुद्दा काचघर परिचर. एकतीस वर्षं ती तिथे रोपांना पाणी देत होती, मुळं मोजत होती आणि वही लिहीत होती. वही जाड पुठ्ठ्याची, दर हंगामाला नवी, पानांना तिने स्वतः आकडे घातलेली. सकाळचं तापमान, ऊन होतं की आभाळ, कुठल्या ट्रेला किती पाणी, कुठल्या पानावर डाग. हातून जे झालं ते वहीत उतरायचंच. "एकतीस वर्षांत ट्रेवरची एक चिठ्ठी इकडची तिकडे झालेली नाही," हे वाक्य ती समोरचा माणूस दोन मिनिटं थांबला की ऐकवायची. लोक हसायचे, पण खोटं आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. दोन महिन्यांनी ती निवृत्त होणार होती, आणि ते वाक्य जसंच्या तसं घेऊन घरी जायचा तिचा बेत होता.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. शिकायला म्हणून दोन बॅगा घेऊन आली त्याला सात वर्षं झाली. मावशीच्या मागच्या खोलीत पुस्तकं एवढी साठली होती की खिडकी उघडायची तर आधी ढीग हलवावा लागे. तिच्या प्रबंधाचा विषय होता मेलाटोनिन. तो पहिल्यांदा घरात आला तेव्हा मावशी भाजी चिरत होती.

"अंधार पडला की आपलं शरीर ते बनवतं," भाची म्हणाली. "त्याने आपल्याला झोप येते."

"मग काकडीला कशाला? ती कुठे रात्रपाळीवर जाते, तिला झोपवून ठेवायला?"

"अगं, झाडं स्वतःच बनवतात ते. पानात, मुळात. पण झोपेसाठी नाही. थंडी पडली, जमिनीत मीठ वाढलं, पाणी कमी झालं, की तग धरायला ते कामी येतं. शिवाय मुळं वाढायला मदत करतं. बाहेरून अगदी तीळभर दिलं तर मुळं लांब जातात, फाटे जास्त फुटतात."

"आणि भसाभस दिलं तर?"

"तर उलटं. मुळं खुरटतात."

"म्हणजे मिठासारखंच की," मावशी म्हणाली आणि भाजीत मीठ टाकलं. "यासाठी सात वर्षं शिकलीस होय?"

भाची हसली. पण त्या रात्री तिने ते वाक्य आपल्या टिपणांत लिहून ठेवलं, हे मावशीला बऱ्याच दिवसांनी ढीग हलवताना कळलं.

पहिली फेरी भाचीने एकटीने केली, कारण मावशी तेव्हा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होती. तीळभर दिलेल्या रोपांची मुळं सगळ्यांत लांब गेली, भरपूर दिलेल्यांची खुरटली. पण एकाच माणसाच्या हातचा निकाल परीक्षक मानत नाहीत. दुसरी फेरी दुसऱ्याच्या हातून व्हायला हवी, आणि दोन्ही जुळायला हव्यात. तो दुसरा हात मावशीचा.

दुसऱ्या फेरीचे नियम कडक होते. काकडीच्या रोपांचे तीन ट्रे: लाल, पिवळ्या आणि निळ्या चिठ्ठीचा. त्याच रंगांचे ठिपके लावलेल्या तीन बाटल्या, दर आठवड्याला भाचीने ताज्या भरलेल्या, चांदीच्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये. कशात काय आहे ते सरांनी, म्हणजे भाचीचे मार्गदर्शक असलेल्या विभागप्रमुखांनी, एका पाकिटात घालून कपाटात बंद केलं. मोजणाऱ्याला ते कळलं तर त्याची नजर नकळत एका बाजूला झुकते, म्हणून मावशीला काही सांगायचं नव्हतं. आणि नियम पाळण्यात भाची मावशीवरच गेलेली. तिने बाटल्यांबद्दल घरीदारी चकार शब्द काढला नाही. "सोमवार, बुधवार, शुक्रवार. दर रोपाला दहा मिलि," एवढं एकदा सांगितलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

तीन आठवडे मावशीने ते काम नेहमीच्या निगुतीने केलं. दर शनिवारी प्रत्येक ट्रेमधली दहा रोपं उपटायची, मुळं परातीत धुवायची, काळ्या फडक्यावर पसरायची, मुळाच्या वळणावळणाने दोरा लावायचा आणि मग तो दोरा पट्टीवर ताणून मोजायचा. उपटलेल्या रोपांना ती "या बरं" म्हणायची. हे ती वहीत लिहीत नसे.

मग पाकीट उघडायचा दिवस आला. सरांच्या खोलीत तिघंच होती. सरांनी कागद वाचला: पिवळ्यात नुसतं पाणी, निळ्यात तीळभर, लालमध्ये भरपूर. म्हणजे निळा सगळ्यांत पुढे हवा आणि लाल खुरटलेला. मावशीच्या वहीत लाल सगळ्यांत पुढे होता, आणि निळा साध्या पाण्याच्या पिवळ्याबरोबर खांद्याला खांदा लावून चालला होता.

सरांनी दोनदा आकडे पाहिले, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मावशी, मनाला लावून घेऊ नका. पण ट्रे वरखाली झालेत. होतं असं. वय होतं माणसाचं."

मावशीच्या कानशिलात कुणी मारली असती तरी तिला इतकं लागलं नसतं. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात भाची म्हणाली, "ट्रे नाही, सर. बाटल्या भरताना माझीच गल्लत झाली असणार."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. भाचीचे कान लाल झाले होते. पाच वर्षांची असताना फुलदाणी फोडून "मी नाही" म्हणाली होती तेव्हाही असेच झाले होते.

"तसं असेल तर लेखी द्यावं लागेल," सर म्हणाले. ते दुष्ट नव्हते, दमलेले होते. "ही फेरी बाद. परीक्षक सहा आठवड्यांनी येतात. आणखी एक फेरी घेता येईल, पण नक्की काय बिनसलं ते कळल्याशिवाय ती तरी धड होईल कशावरून? त्यांना पुढच्या वर्षी बोलवू."

पुढचं वर्ष हे म्हणायला सोपं होतं. भाचीची संस्थेतली मुदत याच वर्षी संपत होती. त्यानंतर ना टेबल, ना फ्रिज, ना काचघर. सात वर्षांचं काम खोक्यात बांधून घरी न्यायचं. हे तिघांनाही माहीत होतं. मावशीने वही उचलली आणि बाहेर पडली.

काचघराचं दार जरा उचलून ओढावं लागतं. त्या दिवशी तिने ते असं ओढलं की काचा थरथरल्या. म्हणे वय होतं माणसाचं! आणि ही कार्टी. माझ्यासाठी खोटं बोलते? माझं एकतीस वर्षांचं नाव राखायला आपली सात वर्षं पाण्यात घालते? कुणी मागितलं होतं तिच्याकडे? मावशी पालथ्या क्रेटवर बसली आणि आधी पोटभर चिडून घेतलं. चिडून झाल्यावर ती विचाराला लागली.

ट्रे बदलले असोत की बाटल्या, कुठेतरी एक ट्रे खुरटलेला दिसायलाच हवा होता. भरपूर औषध कुणाला तरी मिळालंच असणार ना? पण तिच्या काळ्या फडक्यावर तीन आठवड्यांत एकही खुरटलेलं मूळ आलं नव्हतं. म्हणजे अदलाबदल नाहीच. हे वेगळंच काहीतरी होतं. भरपूर होतं ते तीळभर झालं, आणि तीळभर होतं ते काहीच उरलं नाही. प्रत्येक बाटलीतलं औषध वाटेत कुणीतरी खाल्लं होतं.

वाट किती? फ्रिजपासून ट्रेपर्यंत. बारा पावलं. आणि त्या वाटेवर हात एकच.

मावशीने वही उघडली. तिचा एक जुना नियम होता: कोवळ्या रोपाला फ्रिजमधलं गार पाणी द्यायचं नाही. "तुला कुणी बर्फात पाय घालून उभं केलं तर वाढशील का?" असं ती नव्या लोकांना विचारायची. म्हणून बाटल्या ती आधी पूर्वेच्या रुंद खिडकीत ठेवायची. चांदीच्या कागदावरून ऊन परतून जातं, पाणी कोमट व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून कागद काढून ठेवायची. काम झालं की कागद पुन्हा नीट गुंडाळायची, घडीवर घडी. सगळं वहीत होतं. "कागद काढून बाटल्या उन्हात, साडेआठ ते साडेबारा." अशा सहा ओळी. मधल्या आठवड्यात आभाळ होतं, तेव्हाच्या तीन ओळी निराळ्या: "ऊन नाही. बाटल्या कागदासकट गरम पाण्याच्या टबात."

तिने त्या मधल्या आठवड्याचे आकडे काढले. नेमक्या त्याच आठवड्यात निळ्याने उडी मारली होती आणि लाल रेंगाळला होता.

अंधार पडला की शरीर बनवतं ते. भाजी चिरताना ऐकलेलं वाक्य तिला आठवलं. अंधारातली वस्तू. तो कागद शोभेचा नव्हता. तिने स्वतःच्या हाताने, निगुतीने, चार चार तास ते औषध उन्हात मारलं होतं.

आता खरं सांगायचं तर त्या क्रेटवर बसलेल्या मावशीच्या मनात एक विचार येऊन गेला, आणि तो आलाच नाही असं सांगण्यात अर्थ नाही. शेऱ्यांचा रकाना कोण वाचतं? सरांनी भाचीचं ऐकलंय. गप्प बसलं तर दोन महिन्यांनी ते वाक्य सहीसलामत घरी नेता येईल. विचार मिनिटभर बसला. मग तिला ते लाल कान आठवले, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने पेन काढलं. त्या दिवसाच्या पानावर, सवयीप्रमाणे आधी तापमान लिहिलं. मग लिहिलं: "चूक माझी. सहा वेळा बाटल्या कागद काढून उन्हात ठेवल्या. औषध उन्हाने गेलं असावं. ट्रे आणि चिठ्ठ्या बरोबर आहेत." खाली पूर्ण सही केली. पान त्रेचाळीस.

सरांच्या खोलीत भाची पत्र लिहीत बसली होती. मावशीने वही सरळ त्या पत्रावर उघडून ठेवली. "खोडून टाक ते. तुला लिहिताही येत नाही धड, खोटं लिहायचं असलं की अक्षर तिरकं जातं."

भाचीने वाचलं. मग मागची पानं उलटली, मधल्या आठवड्यावर बोट ठेवलं, पुन्हा पुढे आली. सरांनी काहीतरी विचारलं ते तिच्या कानावरही गेलं नाही.

"मावशी!" ती म्हणाली. कामाच्या वेळात पहिल्यांदाच. "अगं मावशी, तू वेळा लिहिल्यास! कागद कधी काढला, कधी घातला, सगळं. सर, हे बघा. आभाळाच्या आठवड्यात निकाल पहिल्या फेरीकडे झुकतोय. ही फेरी बाद नाही. फक्त आपण समजत होतो त्यापेक्षा डोस कमी पडलाय."

सरांनी चष्मा शोधला. तो टेबलावरच होता. त्यांनी बराच वेळ वाचलं आणि मान वर केली तेव्हा ते मावशीकडे थेट पाहू शकले नाहीत. "मघाशी मी वयाबद्दल बोललो..."

"वय झालंयच, सर," मावशी म्हणाली. "पण ट्रे बदलले नव्हते."

"चूक माझीही आहे," भाची म्हणाली. "कागद कशासाठी आहे ते मी सांगितलंच नाही. बाटल्यांबद्दल बोलायचं नाही म्हणून तेवढंही बोलले नाही. उजेडात टिकत नाही, एवढं सांगितल्याने कुणाची नजर झुकली नसती."

"तुझी चूक तू तुझ्या वहीत लिही. हे पान माझं आहे."

तिसरी फेरी लगेच लागली. या वेळी प्रत्येक डोसचे दोन भाग केले: एक खिडकीत उन्हात कोमट केलेला, एक कागदासकट टबात. कुठली बाटली कुठे ठेवली ते मावशीला कळायला नको, म्हणून बाटल्या खिडकीत नि टबात मांडायचं आणि दुपारी पुन्हा कागदात गुंडाळून तिच्या हाती द्यायचं काम सरांनी अंगावर घेतलं. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी साडेआठच्या ठोक्याला विभागप्रमुख दोन्ही हातांत बाटल्या घेऊन जपून पावलं टाकत काचघरात शिरायचे आणि मावशी पाठ फिरवून भिंतीकडे बघत उभी राहायची. "धक्का लावू नका हं, सर," असं ती भिंतीला सांगायची.

तीन आठवड्यांनी पाकीट उघडलं. टबातल्या बाटल्यांचा निकाल पहिल्या फेरीसारखा: तीळभराची मुळं सगळ्यांत लांब, भरपूरची खुरटलेली. उन्हातल्या बाटल्यांचा निकाल दुसऱ्या फेरीसारखा. तिन्ही फेऱ्या एकमेकींशी जुळल्या. भाचीने काळ्या फडक्यावरचं सगळ्यांत लांब मूळ दोऱ्यासकट उचललं आणि मावशीपुढे धरलं. मावशीला वाटलं, ही आमच्या घरातली पोर आहे, आणि छाती इतकी भरून आली की तिने उगाचच परात विसळायला घेतली.

प्रबंधाला मावशीच्या वहीची पानं जोडायची ठरली. भाचीने ती छापायला काढली तेव्हा त्रेचाळिसावं त्यात नव्हतं.

"आकडे सगळे आलेत," भाची म्हणाली. "चूक काय झाली ते मी माझ्या शब्दांत लिहिलंय. ते पान कशाला? उगाच तुझी सही तिथे..."

"मी एकतीस वर्षं वहीतलं एक पान फाडलेलं नाही. ते वगळायचं असेल तर सगळीच परत दे. अर्धी वही माझी नाही."

पान आलं.

तोंडी परीक्षेला मावशी शेवटच्या रांगेत बसली, एप्रन तसाच, कारण अकराचं पाणी द्यायचं होतं. परीक्षक बाई पिकल्या केसांच्या, बारीक आवाजाच्या. प्रश्न मात्र असे विचारायच्या की मावशीला दोनदा वाटलं, आता उठून यांना गप्प करावं. भाची डगमगली नाही. मूळ का लांबतं, कुठल्या डोसला का खुरटतं, पानं उशिरा का पिवळी पडतात, एकेका प्रश्नाला ती जमिनीवर पाय रोवून उत्तर देत होती. मावशीला त्यातलं निम्मं कळलं नाही. तिने निम्म्याचाच अभिमान बाळगला, तोही तिला पुरून उरत होता.

शेवटी बाईंनी प्रबंधाची मागची पानं उघडली आणि एकावर बोट ठेवलं. "हे पान. 'चूक माझी.' हे वगळावं असं तुम्हाला वाटलं नाही?"

"वाटलं होतं," भाची म्हणाली. "जिचं पान आहे तिने वगळू दिलं नाही."

"कोण त्या?"

"आमच्या काचघर परिचर," भाची म्हणाली, आणि मग आवाज जरा चढवून, "आणि माझी मावशी."

बाईंनी मान वर करून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "मी खूप वह्या तपासल्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांत चुका सापडतात. चूक कुठल्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत झाली, हे पहिल्यांदाच वाचलं." त्यांनी प्रबंध मिटला. "माझे प्रश्न संपले."

भाचीच्या नावाआधी डॉक्टर लागलं त्याच्या पुढच्या आठवड्यात मावशीचा निरोप समारंभ होता. सभागृह भरलं होतं. पाइपवालासुद्धा आला होता. सर भाषणाला उभे राहिले. ते चांगलं बोलत होते, आणि चांगलं बोलणाऱ्या माणसाची गाडी जिथे जाते तिथे त्यांचीही गेली. "आणि मित्रहो, एकतीस वर्षांच्या सेवेत मावशींच्या हातून एकही चूक..."

"एक," मावशी खुर्चीतून म्हणाली.

सर थांबले. सभागृहात हशा पिकला. त्यांना वाटलं ती विनयाने म्हणते आहे. पण मावशी उभी राहिली होती, पदर नीट करून, मान ताठ ठेवून. पहिल्या रांगेत भाचीचे कान पुन्हा लाल झाले होते, या वेळी रडू आवरताना.

"एक आहे, सर," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पान त्रेचाळीस. छापून आलीय."